दामोदर धर्मानंद कोसंबी : एका जिज्ञासेच्या अनेक वाटा

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला विज्ञान द्यावे की कला? गणितात गती असेल तर भाषा सोडावी, भाषेची गोडी असेल तर प्रयोगशाळेचे दार आपल्यासाठी नाही असे समजावे, अशी आपली रीत होऊन बसली आहे. ज्ञानाचे वाटे करून देण्याची ही सवय आपल्या देशात फार जुनी आहे. एकेकाळी हे वाटे जन्मावरून ठरत. आज ते गुणपत्रिकेवरून ठरतात. अशा वेळी, हे वाटे आयुष्यात कधीही न मानणाऱ्या एका थोर संशोधकाचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांपुढे, पालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, असे मनापासून वाटते.

हे संशोधक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गणितज्ञांच्या लेखी ते भूमितीचे आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाची दिशा बदलणारे ग्रंथकार म्हणून परिचित. संस्कृतज्ञ त्यांना भर्तृहरीच्या शतकांचे संपादक म्हणून ओळखतात. पिकांच्या आनुवंशिकतेवर काम करणारे जीवशास्त्रज्ञ त्यांच्या नावाचे सूत्र आजही वापरतात, आणि संकेतांवर प्रक्रिया करणारे अभियंते ज्या गणिती रीतीवर विसंबून असतात तिच्या मुळाशीही त्यांचाच एक निबंध आहे. चार दिशांना पसरलेले हे कार्य एकाच माणसाचे आहे, याचे नवल वाटते. मात्र त्यांचे चरित्र बारकाईने पाहिले, तर ते चार वेगळे उद्योग नव्हते हे ध्यानात येते. एका प्रश्नाने दुसऱ्या प्रश्नाच्या दारात नेऊन उभे केले आणि कोसंबींनी प्रत्येक वेळी ते दार ठोठावले, एवढीच ती हकीकत आहे.

पित्याचा वारसा

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें या गावी झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे नाव आपल्या समाजाला नवे नाही. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या धर्मानंदांना शाळेचे शिक्षण फारसे लाभले नव्हते. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. बुद्धाचा धम्म मुळातून समजून घ्यायचा, या ध्यासाने ते १८९९ च्या अखेरीस घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करीत ते १९०२ मध्ये श्रीलंकेत पोहोचले. तेथे विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या सान्निध्यात त्यांनी पालीचे अध्ययन केले. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले. कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसलेला हा माणूस पुढे कलकत्ता विद्यापीठात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागला.

हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली होती. ती पुरी होण्यापूर्वीच त्याचे निधन झाले. ते काम तडीस नेण्यासाठी हार्वर्ड विद्यापीठाने धर्मानंदांना बोलावले. अनेक हस्तलिखिते समोर मांडून, पाठ ताडून पाहून, मूळ शब्द कोणता असेल ते ठरवण्याचे हे काम होते. 'भगवान बुद्ध' हा त्यांचा मराठी ग्रंथही याच वृत्तीतून घडला. बुद्धचरित्रातील पुढच्या काळातील दंतकथा बाजूला सारून सर्वांत जुन्या सुत्तांच्या आधारे बुद्धाचे जीवन उभे करण्याचा तो प्रयत्न होता. श्रद्धा असूनही चिकित्सा करता येते, किंबहुना खरी श्रद्धा असेल तर ती करावीच लागते, हा धडा दामोदरांना घरातच मिळाला.

धर्मानंद १९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेस निघाले, तेव्हा त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरांना आणि त्यांची थोरली बहीण माणिक हिला बरोबर नेले. हार्वर्डच्या परिसरातील केंब्रिज या गावी दामोदरांचे शालेय शिक्षण झाले. तेथेच त्यांचा नॉर्बर्ट वीनर यांच्याशी स्नेह जुळला. वीनर यांचे वडील हार्वर्डमध्ये भाषांचे प्राध्यापक होते. स्वतः वीनर पुढे संकेत आणि त्यांतील गोंगाट यांच्या गणिती सिद्धांतामुळे जगविख्यात झाले. मधल्या काळात भारतात येऊन १९२६ मध्ये दामोदर पुन्हा अमेरिकेस गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळवून मायदेशी परतले. केवळ गणितावरच लक्ष द्यावे, असा त्यांचे गुरू जॉर्ज बर्कहॉफ यांचा आग्रह होता. शिष्याने मात्र नाना विषयांचे अभ्यासक्रम घेतले आणि त्या प्रत्येकात प्रावीण्य मिळवले. युरोपातील भाषांवर त्यांनी इतके प्रभुत्व मिळवले की त्यांचे पुढील काही गणिती निबंध फ्रेंच, जर्मन आणि इटालियन भाषांत प्रसिद्ध झाले.

काशी, अलीगढ, पुणे

मायदेशी आल्यावर त्यांनी प्रथम काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन केले. १९३१ मध्ये फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल यांनी त्यांना अलीगढला बोलावले. तेथील सुमारे दोन वर्षांत त्यांनी विकलक भूमितीवर अनेक निबंध लिहिले. याच काळातील एक विनोदी प्रसंग गणिताच्या इतिहासात नोंदला गेला आहे. वेल यांच्या सूचनेवरून कोसंबींनी बूर्बाकी नावाच्या एका काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या नावे एक प्रमेय रचून ते गंभीर चेहऱ्याने निबंधरूपात छापले. विद्वत्तेचा टेंभा मिरवणाऱ्याची फजिती करण्याचा तो खेळ होता. पुढे काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या मित्रांनी फ्रान्समध्ये गणितज्ञांचा जो प्रसिद्ध गट स्थापन केला, त्याने बूर्बाकी हेच नाव धारण केले.

त्यानंतर कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले आणि १९४५ पर्यंत तेथे राहिले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. एखादा प्राध्यापक एवढ्यावर समाधान मानून आपल्या विषयात स्थिरावला असता. कोसंबींच्या आयुष्यातील खरी भटकंती मात्र येथूनच सुरू झाली.

नाण्यांच्या तराजूवर इतिहास

त्यांना संख्याशास्त्र शिकायचे होते. ते केवळ पुस्तकातून न शिकता एखाद्या खऱ्या प्रश्नावर चालवून शिकावे, असे त्यांनी ठरवले. संख्याशास्त्र म्हणजे काय, हे चिखल्याच्या माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ येथे मँगनीज काढले जात आहे. खाणीतून निघालेल्या खनिजाच्या ढिगातून थोडासा नमुना घेतला जातो आणि त्यावरून साऱ्या ढिगाची प्रत ठरते. थोड्यावरून सगळ्याचा अंदाज कसा बांधावा आणि त्या अंदाजावर कितपत विसंबावे, हे सांगणारे शास्त्र म्हणजे संख्याशास्त्र.

कोसंबींनी हाती घेतलेला नमुना होता चांदीच्या आहत नाण्यांचा. पाली वाङ्मयात ज्याला कहापण म्हटले आहे, तेच हे नाणे. अनाथपिंडिकाने नाणी अंथरून जेतवनाची भूमी विकत घेतली, ही कथा आपल्या मुलांना ठाऊक असते. भारहूतच्या शिल्पात त्या प्रसंगातील चौकोनी नाणी कोरलेली दिसतात. या नाण्यांवर राजाचे नाव नाही आणि सालही नाही. आहेत ती केवळ ठशांनी उमटवलेली चिन्हे. मग त्यांचा काळ कसा ठरवावा?

कोसंबींनी त्यासाठी तराजू उचलला. नाणे हातोहात फिरते तेव्हा प्रत्येक वेळी त्याची किंचित झीज होते. एका नाण्याची झीज किती होईल हे सांगता येत नाही, पण शेकडो नाण्यांची सरासरी घेतली तर ती काळाच्या प्रमाणात उतरत जाते आणि नाण्यानाण्यांतील वजनाचा फरक वाढत जातो. हे निव्वळ तर्काने न मानता त्यांनी आधी चलनातील आधुनिक नाणी गोळा करून, त्यांवरील साल पाहून, ती वजन करून पडताळले. मगच तो नियम त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या प्राचीन नाण्यांना लावला. नाण्यांच्या मागल्या बाजूस बारीक तपासणी-चिन्हे असतात. ही चिन्हे जितकी जास्त, तितके नाण्याचे वजन कमी, असे त्यांना आढळले. म्हणजे नाणे किती वेळा पारखले गेले याची नोंद नाण्यावरच होती, आणि वजन हेच त्याचे पंचांग होते. सर्वच नाणेतज्ज्ञांनी त्यांचे सर्व निष्कर्ष स्वीकारले असे नाही. तरी मुक्या नाण्याला बोलते करण्याची ही रीत इतिहासाच्या अभ्यासात नवी होती. या कामासाठी त्यांनी स्वतः हजारो नाणी तोलली.

शब्दांची झीज

नाण्यांचा क्रम लागला, पण ती पाडणारे राजे कोण, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर प्राचीन ग्रंथांत शोधावे लागणार होते आणि त्यासाठी संस्कृतचा पक्का अभ्यास हवा होता. पुन्हा तोच बाणा : भाषा शिकायची तर एखाद्या खऱ्या कामातून शिकायची. त्यांनी भर्तृहरीची नीती, शृंगार आणि वैराग्य ही तीन शतके निवडली.

ही सुभाषिते देशभर लोकांच्या ओठांवर होती, आणि नेमकी म्हणूनच त्यांच्या कोणत्याही दोन पोथ्या सारख्या नव्हत्या. कोणी श्लोक गाळलेले, कोणी नवे घुसवलेले, कोणी शब्द बदललेले. हातोहात फिरताना नाणे झिजते. तोंडोतोंडी आणि हातोहाती फिरताना श्लोकही बदलतो. फरक एवढाच की नाण्यावरून काही निघून जाते, तर श्लोकांत भरही पडते. कोसंबींनी तीनशेहून अधिक हस्तलिखितांचा धांडोळा घेतला, त्यांची कुळे पाडली आणि सर्व कुळांत समान असलेले श्लोक वेगळे केले. १९४८ मध्ये त्यांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत डॉ. वि. सी. सुखटणकर महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे महान कार्य करीत होते, त्याचा आदर्श कोसंबींपुढे होता.

पुढे प्रा. वा. वि. गोखले यांच्यासह त्यांनी 'सुभाषितरत्नकोश' हा ग्रंथ संपादित केला. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी बंगालमधील जगद्दल महाविहारातील विद्याकर या बौद्ध पंडिताने सतराशेहून अधिक संस्कृत श्लोक वेचून हा संग्रह केला होता. विहार उद्ध्वस्त झाले, पण त्या विद्वानाची निवड तिबेट आणि नेपाळमधील हस्तलिखितांत टिकून राहिली होती. हा ग्रंथ १९५७ मध्ये हार्वर्डच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेत बेचाळिसावा खंड म्हणून निघाला. त्याच मालेचा एकेचाळिसावा खंड होता धर्मानंदांनी सिद्ध केलेला 'विसुद्धिमग्ग', जो त्यांच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये प्रकाशित झाला. पिता आणि पुत्र यांचे जन्मभराचे श्रम त्या मालेत असे शेजारी शेजारी उभे आहेत.

दोन छोटे निबंध

नाणी आणि पोथ्या यांच्या या गराड्यात, दुसरे महायुद्ध चालू असताना, कोसंबींनी दोन गणिती निबंध लिहिले. इतिहासाच्या वाचकांना ते फारसे ठाऊक नसतात. विज्ञानाच्या जगात मात्र तेच सर्वाधिक दूर पोहोचले आहेत.

पहिला निबंध १९४३ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात आला. नदीच्या प्रवाहातील खळबळ, माणसाच्या आवाजाची लहर, दिवसभरातील तापमानाचा आलेख, अशा गोष्टी दर वेळी थोड्या वेगळ्या असतात. त्या पूर्णपणे नोंदवायच्या तर असंख्य आकडे लागतील. परंतु अशा शेकडो आलेखांचा एकत्र विचार केला तर त्यांच्यामागे काही मोजके मूळ आकार असतात आणि प्रत्येक आलेख त्या आकारांच्या कमीअधिक मिश्रणातून तयार होतो, असे दिसते. हे आकार नेमके कोणते आणि त्यांपैकी कोणाचा वाटा किती, हे काढण्याची रीत कोसंबींनी मांडली. मोठा वाटा असलेले थोडे आकार ठेवले आणि बाकीचे सोडले, तरी मूळ संकेत जवळजवळ जसाच्या तसा उभा राहतो. आज संकेतांतील गोंगाट कमी करणे, चित्रे थोड्या जागेत साठवणे, वायू आणि द्रव यांच्या खळबळीचा अभ्यास करणे, अशा अनेक ठिकाणी ही रीत वापरली जाते. पुढील काही वर्षांत फिनलंडचे कार्हुनेन आणि फ्रान्समध्ये शिकलेले लोएव्ह यांनी तीच रीत स्वतंत्रपणे मांडली आणि जगाने तिला त्या दोघांचे नाव दिले. अलीकडे काही अभ्यासक त्या नावाच्या आरंभी कोसंबी हे नाव जोडू लागले आहेत.

दुसरा निबंध १९४४ चा, अवघ्या चार पानांचा, जीवशास्त्राविषयीचा. प्राण्याचे आणि वनस्पतीचे गुणधर्म ठरवणारी जनुके गुणसूत्रावर माळेतील मण्यांप्रमाणे ओळीने असतात. पुढच्या पिढीकडे जाताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. जवळची जनुके बहुधा एकत्र राहतात, दूरची वेगळी होतात. म्हणून किती वेळा ताटातूट होते हे मोजून जनुकांमधले अंतर काढता येते. अडचण अशी की दोन जनुकांमध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र येतात आणि ताटातूट दिसतच नाही. शिवाय एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या अगदी जवळ दुसरी होण्याची शक्यता कमी असते. हाल्डेन या शास्त्रज्ञाच्या आधीच्या सूत्रात हा दुसरा परिणाम धरलेला नव्हता. कोसंबींनी तो धरून नवे सूत्र दिले. उदाहरणार्थ, दोन जनुकांची ताटातूट शंभरात वीस वेळा दिसली, तर हाल्डेन यांच्या सूत्राने त्यांतील अंतर सुमारे २५.५ येते आणि कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. आकड्यांतील हा फरक लहान दिसतो, पण शेकडो जनुकांचा नकाशा काढताना तो मोठा होतो. भंडारा जिल्हा धानाचा. धानाचे जे जनुकीय नकाशे जगभरच्या प्रयोगशाळांत काढले गेले, त्यांतील अनेकांत अंतरे मोजण्यासाठी कोसंबींचे सूत्र वापरले आहे.

आता थोडे थांबून मागे पाहावे. झिजलेले नाणे, बदललेला श्लोक, गोंगाटात हरवलेला संकेत, ताटातूट झालेली जनुके. दिसायला या चार गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. प्रश्न मात्र एकच आहे : वस्तू हातोहात किंवा पिढ्यानपिढ्या पुढे सरकताना तिच्यात बदल होतो, त्या बदलातूनच तिचा मूळ आकार आणि तिचा प्रवास कसा ओळखावा? कोसंबींनी हा प्रश्न चार भाषांत विचारला. म्हणून एका विषयात मिळालेली दृष्टी त्यांना दुसऱ्यात उपयोगी पडली. मात्र प्रत्येक वेळी त्या विषयाची हत्यारे त्यांनी आधी कष्टाने शिकून घेतली. संस्कृत न शिकता त्यांनी संस्कृतवर लिहिले नाही आणि तराजू न उचलता नाण्यांवर मत दिले नाही. अनेक विषयांत डोकावणारे पुष्कळ असतात; प्रत्येक विषयाची मजुरी भरणारे थोडे.

पायवाटेवरचा इतिहास

होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले आणि सुमारे सोळा वर्षे तेथे होते. घर पुण्यातच राहिले. डेक्कन क्वीनने ते रोज ये-जा करीत. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड-अमेरिकेत नव्याने घडत असलेल्या संगणकयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी गेले. शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमिती शिकवली आणि प्रिन्स्टनच्या उच्चाध्ययन संस्थेतही काही काळ घालवला.

परंतु त्यांची आवडती प्रयोगशाळा होती पुण्याभोवतीच्या टेकड्या. हाती काठी घेऊन ते मैलोन्‌मैल चालत. अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारे वेचत, धनगरांशी बोलत, वाटेवरच्या शेंदूर लावलेल्या देवींची ठाणी पाहत. शब्दाचा अर्थ केवळ कोशात न शोधता शेतात, बाजारात आणि जत्रेतही शोधावा, पोथी आणि पायवाट एकमेकींशी ताडून पाहाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. १९६३ मध्ये त्यांनी या एकत्रित अभ्यासपद्धतीवर स्वतंत्र निबंधच लिहिला.

याच पायपिटीतून त्यांना एक गोष्ट उमगली, जी आपल्याला विशेष मोलाची वाटावी. कार्ले, भाजे, जुन्नर येथील लेणी लोकवस्तीपासून दूर, निव्वळ एकांतासाठी कोरलेली नाहीत. कोकणातील बंदरांकडून घाट चढून येणाऱ्या व्यापारी मार्गांवर ती उभी आहेत. कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतार आहे, धेनुकाकट या गावचे यवन आहेत. विहार हे त्या मार्गांवरचे विसाव्याचे आणि व्यवहाराचे ठिकाण होते, आणि कष्टकरी माणसांच्या छोट्या दानातून ती भव्य शिल्पे उभी राहिली. राजांच्या सनावळ्यांपेक्षा लोक कसे जगत, काय पिकवत, कशाची देवघेव करीत, हे इतिहासाचे खरे अंग आहे, हे त्यांनी १९५६ च्या आपल्या भारतीय इतिहासाच्या प्रास्ताविक ग्रंथात आणि १९६५ च्या प्राचीन भारताच्या संस्कृतीविषयक ग्रंथात सिद्ध केले. त्यानंतर प्राचीन भारताचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही त्यांना वळसा घालून पुढे जाता आले नाही.

किंमत

अशा मुक्त संचाराची किंमतही कोसंबींनी मोजली. मूळ संख्यांच्या वाटणीविषयी रीमान यांनी मांडलेले अनुमान गणितातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक. संभाव्यतेच्या वाटेने ते सिद्ध करता येईल, असा विश्वास कोसंबींना वाटला. १९५९ मध्ये त्यांनी आपली सिद्धता कृषी-संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात छापली. ती टिकली नाही. गणितज्ञांमध्ये त्यांच्या नावाला त्यामुळे मोठा धक्का बसला. जे अनुमान आजही सिद्ध झालेले नाही, त्याच्याशी झुंजताना झालेली ही हार आहे, हे खरे. पण सिद्धतेत फट असेल तर ती सिद्धता नव्हे, आणि मोठ्या माणसाच्या बाबतीत हा नियम सैल होत नाही, हेही तितकेच खरे. त्यांच्या चरित्रातून हा प्रसंग वगळणे, हा त्यांच्याच चिकित्सक वृत्तीचा अवमान ठरेल.

अणुऊर्जेचा त्या काळी देशभर गाजावाजा होता. भारतासारख्या देशाने महागड्या अणुभट्ट्यांपेक्षा मुबलक सूर्यप्रकाशाकडे वळावे, असे मत कोसंबींनी त्याच काळात जाहीरपणे मांडले. भाभा हे अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार आणि कोसंबी त्यांच्याच संस्थेत. तरी कोसंबी बोलायचे थांबले नाहीत. जागतिक शांतता चळवळीतही ते अण्वस्त्रांच्या विरोधात उभे राहिले. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या सेवेचा करार पुढे वाढवला नाही. आज माळरानांवर पसरलेली सौर पटले पाहिली की त्यांच्या त्या मताची आठवण होते.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. १९६४ मध्ये ते सन्मान्य शास्त्रज्ञ म्हणून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीशी जोडले गेले. २९ जून १९६६ च्या पहाटे झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वयाची एकोणसाठ वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांचे वडील धर्मानंद यांनी ४ जून १९४७ रोजी आपल्या विदर्भातील सेवाग्राम येथे अन्नत्याग करून शांतपणे देह ठेवला होता. २००८ मध्ये, दामोदरांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आपल्यासाठी

कोसंबी कोणत्याही धर्माचे प्रचारक नव्हते. वडिलांच्या श्रद्धेचा बाह्य आचार त्यांनी स्वीकारला नाही. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काहीही मानू नये, स्वतः पारखून घ्यावे, हा जो उपदेश तथागतांनी कालामांना केला, तो मात्र त्यांनी नाण्यापासून जनुकापर्यंत सर्वत्र पाळलेला दिसतो. पारखण्यासाठी त्यांच्याजवळ होते एक तराजू, एक काठी, पोथ्यांचा ढीग आणि पुष्कळसे कागद. यांपैकी एकही वस्तू चिखल्याच्या मुलामुलींच्या आवाक्याबाहेरची नाही.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले कोणी आज खाणीत काम करीत असतील, कोणी धानाच्या शेतात, कोणी शाळेत, दवाखान्यात किंवा दूरच्या शहरातील कार्यालयात. त्यांनी आपल्या मुलांना विषय निवडून द्यावेत. परीक्षेसाठी ते आवश्यकच आहे. पण गणितात रमणाऱ्या मुलीने पालीचे एखादे सुत्त मुळातून वाचावे, आणि मराठीत उत्तम निबंध लिहिणाऱ्या मुलाने खाणीतल्या दगडाचे वजन करून त्याची नोंद ठेवावी, यालाही मोकळीक द्यावी. वाटे करणारे पुष्कळ भेटतील. ते न मानण्याचे धैर्य आणि प्रत्येक वाटेची पूर्ण मजुरी भरण्याची तयारी ज्याच्याजवळ असेल, त्याला कोणत्याही ज्ञानाचे दार परके राहणार नाही. कोसंबींचे जीवन या गोष्टीचा पुरावा आहे.